बत्ताशे साहेबांचं पात्र

वाकोला
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

सम्या,

जय भीम.

तुझं पाकीट मिळालं. आमच्याच कंपनीच्या कुरिअरनं आलं आणि वेळेत आलं, याचं मलाच नवल वाटलं. दिवसभर अंधेरीच्या ऑफिसात बसून "आमचं पार्सल कुठे मेलं?" या एकाच प्रश्नावर शिव्या खाणारी बाई मी. "फोनवर बोलू नकोस, मेल करू नकोस, पत्रानं कळव," असं लिहिलंयस. चालेल. मला पत्रच बरं. व्हॉट्सअ‍ॅपवर तू निळी टिक करून पळतोस. कागद हातात पडल्यावर कुठे पळशील?

आता मला जे समजलं ते लिहिते, चुकलं तर सांग. मंगोलियातल्या त्या बातबायार साहेबांनी तुला दिलेलं चांदीचं पात्र तुझं नाही, सरकारचं आहे. दूतावासात नोकरी करणाऱ्याला तिकडच्या कुणी भारी वस्तू भेट दिली, तर ती महिन्याच्या आत दिल्लीला तोषाखान्यात जमा करायची, असा नियम आहे. तू ऑफिसात लिहून दिलंस, की सुट्टीवर भारतात जातोय तेव्हा स्वतः नेऊन देतो. आणि दिल्लीला जायच्या आधी ते आईला दाखवायला गोवंडीला आणलंस. इथपर्यंत तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कुठल्याही पोरानं आणलं असतं.

पुढचं तूच आठव. आईनं त्याच्यावरचं निळं रेशमी कापड बाजूला केलं आणि विचारलं, "हे माह्यासाठी?" तू म्हणालास, "तुझ्यासाठीच दिलंय त्यांनी." ते खोटं नव्हतं, हे मला माहीत आहे. त्यांचा नातू हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आला, तेव्हा तू तिकडे रविवारी ऑफिस उघडून व्हिसे करून दिलेस, आणि इकडे त्या पोराच्या आणि त्याच्या आईच्या डब्याचं काम आमच्या गळ्यात मारलंस. आई गोवंडीहून अंधेरीच्या गेस्ट हाऊसवर बिनतिखटाचं मटण घेऊन यायची. "तिखट नाई त् मटन कायले म्हनाचं त्याले?" असं कुरकुरत करायची, पण रोज करायची. बातबायार हे नाव तिच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून ते बत्ताशे साहेब झाले. त्या म्हाताऱ्यानं भर जेवणावळीत "ज्या आईनं माझ्या सुनेला जेवू घातलं तिच्यासाठी" असं म्हणून ते पात्र तुझ्या हातात ठेवलं, तर आईनं दुसरं काय समजावं?

दुसऱ्या दिवशी बुद्ध पौर्णिमा. आई पात्र घेऊन विहारात गेली, त्यात खीर भरली, भंतेंच्या समोर ठेवलं आणि सगळ्या वस्तीसमोर म्हणाली, "माह्या लेकाच्या हातून आलं. त्याच्या बापाच्या नावानं दान." लोकांनी साधु, साधु, साधु म्हटलं. धोंडिराम काकांना तर काय करू आणि काय नको असं झालं. विहार समितीचे अध्यक्ष ते, त्यांनी तिथल्या तिथे बोर्डासाठी पेंटरला फोन लावला. आणि तू इस्त्रीच्या शर्टात हात जोडून उभा. एक वाक्य बोलायचं होतं रे. "आई, हे सरकारचं आहे." चार शब्द. तेही तुझ्या तोंडातून निघाले नाहीत, आणि मग सुट्टी अर्धवट टाकून पळालास. तेव्हापासून आईला फोन नाही. तिला वाटतं, तिचंच काही चुकलं.

आता म्हणे तुला दिल्लीहून पत्र आलंय. ऑक्टोबर संपायच्या आत पात्र जमा झालं नाही तर चौकशी. युरोपचं पोस्टिंग जाईल आणि नोकरीवरही बेतेल. ही नोकरी तुझ्या एकट्याची नाही. पप्पा बसच्या इंजिनाखाली झोपून काम करायचे आणि वर येऊन डेपोतल्या सगळ्यांना सांगायचे, "माझा पोरगा राजदूत होणार." लोक हसायचे त्यांना. मी ते हसणं ऐकलंय.

म्हणून सांगते, ते पात्र मी विहारातून बाहेर काढणार. कसं, ते माहीत नाही. दान दिलेली वस्तू कुणी परत मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण काढणार. आईला अजून काही बोललेले नाही.

तुझी ताई


वाकोला
२५ ऑगस्ट २०२४

सम्या,

तुझी आयडिया वाचली. फोटोवरून घाटकोपरच्या चांदीवाल्याकडे हुबेहूब दुसरं पात्र करून घ्यायचं, आई विहारात झाडलोट करायला जाते तेव्हा तिच्याबरोबर जायचं आणि गुपचूप अदलाबदल करायची. वर लिहितोस, "यात कुणाचंच नुकसान नाही." वा रे वा! हेच शिकवतात का तुम्हाला तिकडे?

खोटं बोलत नाही, मी गेले होते. घाबरले होते तुझ्यासाठी, म्हणून गेले. कारागिरानं फोटो मोठा करकरून बघितला आणि म्हणाला, "ताई, असं झकास बनवून देतो की तुमचं तुम्हाला ओळखू येणार नाही." ते ऐकलं आणि माझं डोकं ठिकाणावर आलं. म्हणजे आई रोज सकाळी नकली वाडगा पुसणार, आणि मी शेजारी उभी राहून बघणार? लहानपणापासून दर रविवारी पंचशील म्हणतोय आपण. न दिलेली वस्तू घेणार नाही, हे तुझ्यापेक्षा मोठ्यानं कुणी म्हणायचं नाही त्या विहारात. पप्पा तुला उचलून पुढे बसवायचे. मी फोटो परत घेतला आणि उठले. रिक्षात बसल्यावर एवढं रडू आलं की रिक्षावाल्यानं मागे वळून पाण्याची बाटली दिली.

चोरी मी करणार नाही. दुसरं काहीही सांग.

तू स्वतः धोंडिराम काकांना लिही. सरळ लिही. काका तापट आहेत, पण वाईट नाहीत. तू बारावीला बोर्डात आलास तेव्हा गोवंडी स्टेशनपासून ढोल लावला होता त्यांनी. त्यांना खरं सांगितलंस तर ते आईशी बोलतील. पण सरळ लिही हं. तुझ्या त्या संयुक्त निवेदनाच्या भाषेत नको.

ताई


गोवंडी
१५ सप्टेंबर २०२४

सम्या,

वाट लागली.

तुझं पत्र काकांना मिळालं. मिळालं म्हणजे काय, समितीची बैठक बोलावून वाचलं गेलं. पहिल्या परिच्छेदात भारत आणि मंगोलियाच्या मैत्रीचा इतिहास. दुसऱ्यात या मैत्रीत आपल्या वस्तीसारख्या सामान्य लोकांचं योगदान. तिसऱ्यात काकांच्या निःस्वार्थ कार्याला वंदन. आणि चौथ्यात, कुठेतरी खाली, "सदर पात्राचे शासकीय महत्त्व लक्षात घेता त्याच्या सुरक्षिततेबाबत मी चिंतित असून या संदर्भात आपण योग्य तो विचार कराल असा विश्वास वाटतो." अरे माणसा! मी सांगितलं होतं ना, सरळ लिही म्हणून? यात "परत द्या" कुठे आहे? मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नाहीच आहे.

काकांनी योग्य तो विचार केला. पत्र लॅमिनेट करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं. आणि तू सुरक्षिततेबद्दल चिंतित आहेस म्हणून वर्गणी काढून जाड काचेचं कपाट केलं, भिंतीत बोल्ट मारून बसवलं. आत दिवा. वर कॅमेरा. चावी काकांच्या कमरेला. "साहेबांना कळव, आता काळजी नको," असं त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. बाहेर नवीन बोर्ड लागलाय, "मंगोलिया देशाकडून आलेले पात्र. दान : सुंदराबाई हिवराळे." चेंबूर, मानखुर्द, ट्रॉम्बेहून लोक बघायला येतात. शाळेच्या मुलांना आणतात. आई त्यांना बत्ताशे साहेबांची गोष्ट सांगते.

मी त्या कपाटासमोर उभी होते आणि मला एवढा संताप आला, तुझा, काकांचा, त्या दिव्याचा, की आई शेजारी येऊन "किती छान दिसते नाई?" म्हणाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "तुझ्या लेकाची नोकरी जाणार आहे या वाडग्यापायी."

झालं ते झालं. मग सगळं सांगितलं. घरी नेऊन, दार लावून.

आई रडेल असं मला वाटलं होतं. नाही रडली. तांदूळ निवडायला बसली. मग म्हणाली, "म्हनून पोट्टं फोन करत नाई?" मी हो म्हटलं. मग विचारलं, "त्या दिवशी माहीत होतं त्याले? मी दान बोलली तवा?" मी पुन्हा हो म्हटलं.

मी म्हटलं, आई, तू मागून घे. तू मागितलंस तर काका नाही म्हणणार नाहीत. त्यावर ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "मी नाई मागनार. मी दिलं, मी मागाचं नसते. त्यानं नाई सांगतलं, त्यानं येऊन सांगाव. साऱ्या दुनियेसंगं बोलते तो, माह्या वस्तीसंगं काऊन बोलत नाई? आमची लाज वाटते का त्याले?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तू दे.

ताई


वाकोला
२९ सप्टेंबर २०२४

सम्यक,

सम्या म्हणण्याचा मूड नाही.

तुझं उत्तर वाचलं. तुझं सगळं खरं धरून चालते. ऑक्टोबरात तिकडे भारतातून मोठं शिष्टमंडळ येतंय. करार आहे, कार्यक्रम आहे, पाहुण्यांना कोणत्या गाडीत कुणाच्या शेजारी बसवायचं इथपासून ते त्यांच्या जेवणात कांदा आहे की नाही इथपर्यंत सगळं तुझ्या डोक्यावर आहे. थंडी सुरू झालीय, पहाटे गाडीच्या काचेवर बर्फ जमतो. मान्य. पण मग लिहितोस, "ताई, तू माझी प्रतिनिधी म्हणून विहारात निवेदन वाचून दाखव, मसुदा मी पाठवतो."

प्रतिनिधी? मी तुझी बहीण आहे रे, राजदूत नाही.

तुला आठवतं, तुझं दिल्लीत पोस्टिंग होतं तेव्हा आई पहिल्यांदा एकटी आली होती? तू स्टेशनवर ड्रायव्हर पाठवलास, हातात इंग्रजी पाटी देऊन. आई त्याच्यासमोरच उभी होती. तिला ती पाटी वाचता आली नाही, आणि त्याला नऊवारीतली म्हातारी साहेबांची आई वाटली नाही. शेवटी एका हमालानं तिचा फोन लावून दिला. तू म्हणालास, "सॉरी आई, मीटिंग होती." आई आजवर त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. परवा तांदूळ निवडताना बोलली. कोण कशाला काय धरून बसतं, सांगता येत नाही.

तू कायम कुणालातरी पाठवतोस. ड्रायव्हर पाठवतोस, चॉकलेटं पाठवतोस, मसुदा पाठवतोस. पप्पांच्या पुण्यानुमोदनाला पुष्पचक्र पाठवलंस, वर तुझं आणि तुझ्या हुद्द्याचं नाव. काकांनी त्याचाही फोटो काढून ठेवलाय.

आता नीट ऐक. मी भंतेंना भेटले. नाव न घेता विचारलं, दान झालेली वस्तू दात्याची नव्हतीच असं नंतर कळलं तर काय करायचं? ते हसले, म्हणाले, "मग ते दान झालंच नाही, ताई. ज्याला ठाऊक होतं त्यानं बोलावं म्हणजे झालं." मग त्यांनी पवारणेबद्दल सांगितलं. आपण इतकी वर्षं वर्षावासाच्या समाप्तीला खीर खायला जातो, पण मला हे माहीत नव्हतं. पावसाळ्याचे महिने एका जागी राहून झाले की शेवटच्या दिवशी भिक्षू एकमेकांसमोर बसतात आणि म्हणतात, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल, तरी सांगा. थोरात थोर भिक्षूही म्हणतो. भंते म्हणाले, "त्या दिवशी विहारात कुणी खरं बोललं तर त्याच्यावर कुणी हसत नाही."

हा दिवस १७ ऑक्टोबर, गुरुवार. तू यायचं. दोन देशांची मैत्री एवढी जुनी आहे म्हणतोस, तर तुझ्यावाचून दोन दिवस टिकेल ती. शिष्टमंडळाच्या शेजारी दुसरं कुणीतरी बसेल. आईच्या शेजारी दुसरं कुणी बसू शकत नाही, मी बसून पाहिलंय.

नाही आलास, तर मसुदा पाठवू नकोस. मी वाचणार नाही. नोकरी जाऊ दे. मी पात्र काढणार म्हटलं होतं, ते याच एका वाटेनं निघेल. दुसरी वाट मी शोधणार नाही आणि तुलाही शोधू देणार नाही. राग आला तर येऊ दे.

ताई


अंधेरी, ऑफिसमधून
९ ऑक्टोबर २०२४

सम्या,

"येतोय" एवढंच लिहिलेलं तुझं कार्ड आलं. आयुष्यात पहिल्यांदा तू एका शब्दात काहीतरी लिहिलंस. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला.

सूचना. कोट घालू नकोस. "सद्भावना", "योगदान", "संदर्भ" हे शब्द विमानातच ठेवून ये. कागद वाचायचा नाही. विमानतळावर मी येणार नाही, रजा नाही मिळाली. वाकोल्यावरून लिंक रोडनं रिक्षा कर, सरळ गोवंडी. आईला मी सांगितलंय. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही, फक्त खिरीसाठी दूध किती लागेल ते विचारलं.

ताई


वाकोला
२० ऑक्टोबर २०२४

सम्या,

दिल्लीहून तुझा मेसेज आला, पात्र जमा झालं म्हणून. बरं वाटलं. आणि त्याखाली तू लिहिलंस, "आई एक शब्दही बोलली नाही." म्हणून हे पत्र. तू बोलत होतास तो सगळा वेळ चटईकडे बघत होतास, त्यामुळे तुला काय काय दिसलं नाही ते सांगते.

तू म्हणालास, "हे पात्र माझं नव्हतं, आईचंही नव्हतं. सरकारचं होतं. आईनं दान केलं तेव्हा मला माहीत होतं, मी बोललो नाही. मी घाबरलो. तुम्ही सगळे एवढे खूश होतात." एवढंच. काकांचा हात कमरेच्या चावीवर गेला आणि तिथेच राहिला. चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा माणूस तुझ्यावर धावून जातो. मागून, सरकारनं खोली पाडली तो आपल्या वस्तीतला बाळा शेजवळ ओरडला ते तू ऐकलंसच, "सरकार आपल्याकडे येतं ते न्यायलाच! माझी खोली नेली, आता वाडगा न्या!" तू त्यावर मान खाली घातलीस. तू ऐकलं नाहीस ते हे, की भंते त्याला हळूच म्हणाले, "बाळा, तुझी खोली न्यायला जे आले, त्यांच्यातला कुणी असा उभा राहिला होता का?" बाळा खाली बसला. रागातच, पण बसला.

मग आई उठली. "धोंडिराम भाऊ, चावी द्या." काकांनी दिली. तिनं काच उघडली, पात्र पदरानं पुसलं, निळ्या कापडात ठेवून दोन्ही हातांनी तुझ्यासमोर धरलं. तू घेतलंस, वाकलास, आणि विमान गाठायला निघालास. ती बोलली नाही, खरं आहे.

तू गेल्यावर मी तिच्यावर भडकले. म्हटलं, एवढ्या लांबून आला, सगळ्यांसमोर नाक घासलं, एक शब्द बोलली असतीस तर काय झिजलं असतं तुझं? ती खीर वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "बोलली असती त् रडली असती. माहं पोट्टं एवढं खरं बोलत होतं, मी रडून त्याचं बोलनं खराब कराव का?"

आणि मग रडली, सम्या. हातात पळी घेऊन. रांगेतली माणसं वाट्या धरून उभी होती, कुणी घाई केली नाही.

काका अजून धुसफुसतायत. ते कपाट रिकामं, आत दिवा तसाच चालू. काल त्यांनी प्लॅस्टिकच्या कमळांचा गुच्छ आणला होता आत ठेवायला. आईनं हात धरला त्यांचा. म्हणाली, "काई ठेवू नका. माहं लेकरू इथं खरं बोललं, हे लोकायले दिसू द्या." काका म्हणाले, "वहिनी, रिकामं कपाट काय दिसणार?" आई म्हणाली, "पुसतीन त् मी सांगीन." तेव्हापासून कुणी पात्र बघायला आलं की ती रिकामं कपाट दाखवते आणि पूर्ण गोष्ट सांगते. बत्ताशे साहेबांपासून ते तुझ्यापर्यंत, तुझं न बोलणंसुद्धा, अजिबात गाळत नाही. तुझी थोडी फजिती होते, पण सहन कर.

लाजेचा प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

तुझी ताई


गोवंडी
१५ डिसेंबर २०२४

सम्या,

जय भीम.

तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. उशीर केला म्हणून फाईलमध्ये ताकीद, युरोपचं पोस्टिंग गेलं, आणि उलानबातरला अजून दोन हिवाळे. माझ्या तोंडून "अरेरे" निघालं. आई म्हणाली, "नोकरी हाये ना?" मी म्हटलं, आहे. "मंग अरेरे कायचं?" विषय संपला.

धोंडिराम काकांनी शेवटी पेंटरला परत बोलावलं. मला वाटलं, बोर्ड पुसतील. नाही पुसला, खाली एक ओळ वाढवली. "सदर पात्र आता भारत सरकारकडे जमा आहे." आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "दिल्लीत जे पात्र आहे ना, ते आमच्या विहारातलं." तुझं लॅमिनेट केलेलं पत्र मात्र काढून टाकलं. म्हणाले, "पोरगं तोंडानं छान बोलतं, लिहायला तेवढं जमत नाही त्याला." मी पोट धरून हसले.

आता खरी बातमी. आईनं पासपोर्ट काढलाय. मी नाही, तिनं. बाळा शेजवळला बरोबर घेऊन सगळीकडे स्वतः फिरली, फोटो काढताना पदर डोक्यावर की खांद्यावर यावरून तिथल्या मुलीशी भांडली, आणि पोलीस चौकशीला आले तेव्हा त्यांना रिकामं कपाट दाखवून आणलं. मला पासपोर्ट हातात पडल्यावर कळलं. कुठे जाणार म्हटलं, तर "बत्ताशे साहेबाकडं." त्यांच्या सुनेनं व्हिडिओ कॉलवर बोलावलं होतं म्हणे, त्यांच्या नव्या वर्षाला, फेब्रुवारीच्या शेवटी. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नाही, पण आमंत्रण कळलं.

मी सांगून पाहिलं. हाडं गोठतात तिकडे, गुडघे बघ तुझे, उन्हाळ्यात जा. ऐकेल तर ती आई कसली. "त्या मानसानं मले दिलं होतं. ते कुठं गेलं हे मीच सांगीन. कोनाले धाडनार नाई." तुझा फोन आता रोज येतो तरी फोनवर तुला सांगू नको म्हणाली. लिहून पाठव म्हणाली, म्हणजे पळायला जागा राहत नाही. हे ती माझ्याकडून शिकली.

तर व्हिसाचं तू बघ. ते काम तुला येतं, रविवारीसुद्धा येतं. गरम कपडे मी अंधेरीहून घेते, बूट तिकडे घे, तिचं माप जुन्या चपलेचं कागदावर काढून सोबत ठेवलंय. ती बिनतिखटाचं मटण करून दाखवणार आहे त्यांना, आणि तुझ्यासाठी मिरचीचा वेगळा ठेचा आणणार आहे. विमानात नेता येतो का ते विचार.

आता ती शेजारी बसलीय आणि सांगते तेच लिही म्हणते. लिहिते.

"सम्यक, तब्येत सांभाळजो. दिल्लीच्या टायमाले मी स्टेशनावर लय वेळ उभी होती. राग नाई आता. पन विमानतळावर गाडी धाडू नोको, मानूस धाडू नोको, पाटी त् बिलकूल नोको. तूच येजो."